दुपारचा हात

मागाला हात असावा तर कल्लाप्पाचा, आणि त्यातही दुपारचा! हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं. बोलणारे आमचे हे, शिवानंद तेरदाळे, इचलकरंजीत साधे माग चालवणाऱ्यांतले शेवटचे की शेवटून दुसरे. सहा माग, कामगार एकटा कल्लाप्पा, आणि सुताच्या कांड्या भरायला मी. सकाळी माग सारखे अडायचे, संध्याकाळीही अडायचे. पण दुपारी दोन ते तीन, हे दाराजवळच्या बाजल्यावर आडवे झाले की सहाही माग शहाण्यासारखे चालायचे. उठल्यावर हे कल्लाप्पाच्या पाठीवर थाप मारायचे. कल्लाप्पा खाली बघायचा आणि मी माझ्या कांड्या भरत राहायची. आम्ही दोघं गप्प का होतो, ते येईलच पुढं.

गोष्ट दोन हजार त्रेचाळीसच्या उन्हाळ्यातली. ह्यांच्या गळ्याला गाठ होती, जुनीच. ती बाहेर वाढायची सोडून आत, छातीच्या हाडामागं उतरली आणि श्वासनळी दाबायला लागली. बाजल्यावर पाठ टेकली की शिट्टीसारखा आवाज यायचा. मिरजेच्या इस्पितळात डॉक्टर उपाध्यांनी फोटो बघून स्पष्टच सांगितलं, की गाठ काढली नाही तर दिवाळी दिसणार नाही.

"मग काढा की," मी म्हटलं.

"काढायला काही नाही हो. भूल द्यायची पंचाईत आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं कापसाची धूळ ओढलेली फुफ्फुसं आहेत ही. पूर्ण भूल देऊन एकदा यंत्राच्या श्वासावर टाकलं, तर परत स्वतःचा श्वास घेतील याची मला खात्री नाही. त्यामुळं संमोहनाची पट्टी."

पट्टी आता कुणाला नवी नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरींची बाळंतपणं पट्टीवर झाली, शेजारच्या मास्तरांची तंबाखू पट्टीनं सुटली. पण मला आपलं संमोहन म्हटलं की जत्रेतला तो काळ्या झग्यातला माणूस आठवायचा, जो चांगल्या शिकलेल्या माणसाला कोंबड्यासारखं आरवायला लावायचा. माझ्या नवऱ्याचा गळा उघडायचा आणि भूल कसली, तर गोड बोलण्याची! मी डॉक्टरांच्या तोंडावर म्हटलं, हे काय नाटक आहे?

पट्टीच्या डॉक्टर वेगळ्या होत्या, रुबीना शिकलगार. वय पस्तिशीचं, बोलणं मोकळं. त्यांना राग आला नाही.

"काकू, कांड्या भरताना बोट कापलं तर तुम्हाला कधी कळतं?"

"रक्त दिसल्यावर."

"हेच ते. दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत जातोच. पण लक्ष दुसरीकडं पुरतं गुंतलेलं असलं, की तो निरोप घ्यायला कुणी दारात येत नाही. संमोहन म्हणजे झोप नाही, की वशीकरणही नाही. लक्ष एका जागी गोळा करणं, एवढंच. पूर्वी हे माणूस करायचा, कधी जमायचं, कधी नाही. आता ही पट्टी कपाळावरून मेंदूच्या लहरी वाचते. लक्ष कुठल्या शब्दाला आत गेलं, कुठल्या शब्दाला निसटलं, हे तिला त्या क्षणी कळतं, आणि पुढचा शब्द ती त्याप्रमाणे बोलते."

लक्ष किती गोळा झालं ते मोजणारा पडद्यावरचा काटा त्यांनी दाखवला. शून्य ते शंभर. वरची कातडी बधिर करायला सुई देणार, पण आत ओढाताण होणार, ती सोसायला काटा सत्तरच्या वर हवा. आणि तो दोन तास तिथंच राहायला हवा. शिवाय गळ्यातली आवाजाची नस त्या गाठीला चिकटलेली. तिला धक्का लागत नाही ना, हे बघायला मध्येच पेशंटला बोलतं करायचं. म्हणजे माणूस गुंगीत हवा आणि बोलायलाही हवा.

"तीन तालमी करू," त्या म्हणाल्या. "तिन्हींपैकी एकीतही सत्तर आलं नाही, तर मी सुरी लावू देणार नाही."

पहिली तालीम त्याच दिवशी झाली. ह्यांना खुर्चीत रेलवलं, पट्टी बांधली. यंत्रातल्या बाईचा आवाज काय गोड हो! "तुमचे डोळे जड होत आहेत... सगळे आवाज दूर दूर जात आहेत... आता सगळीकडं फक्त शांतता..." काटा चाळीस, पन्नास, बासष्ट. मी पदर तोंडाशी धरून बसले होते. आणि एकदम हे ताडकन उठून बसले.

"कुठला थांबला?"

"काय कुठला थांबला?" डॉक्टर दचकल्या.

ह्यांनाच कळेना आपण काय बोललो. परत निजवलं. या वेळी तळ्याचा काठ, त्यानंतर देवळाचा गाभारा, मग बर्फाचा डोंगर. सत्तर काही येईना. शांतता आली रे आली की हे डोळे उघडून छताकडं बघायचे. शेवटी पट्टी स्वतःच काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"मला जमत न्हाई हे. चल घरला."

मागाचा कुठलाही बिघाड हातानं उलगडणारा माणूस. आपल्याला एक साधं डोळे मिटून पडणं जमलं नाही, याचा त्यांना लई अपमान वाटला. घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशीही धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता तिकडं जायचं न्हाई. जेवढं हाय तेवढं." मी ताट ठेवलं आणि मोरीत जाऊन रडले.

त्याच दिवशी दुपारी अक्कल आली मला. हे बाजल्यावर, शिट्टी वाजवत का होईना, गाढ झोपलेले. सहा मागांचा खडखडाट, बाहेरच्या माणसाला दोन मिनिटं उभं राहवत नाही असा. लाईट गेली. छपरावरच्या बॅटऱ्या सुरू व्हायला चारपाच सेकंद लागतात, तेवढे माग थांबले. हे ताडकन उठून बसले, तसेच, जसे मिरजेत बसले होते.

"काय झालं गं?"

"लाईट," मी मागांच्या आडूनच म्हटलं. माग परत सुरू झाले, आणि हे परत आडवे झाले, दोन मिनिटांत घोरायलाही लागले. मी हातातली कांडी धरून तशीच उभी राहिले. अगं बाई, एवढं साधं! आमच्याकडं शांतता म्हणजे विसावा नव्हे, आमच्याकडं शांतता म्हणजे घोटाळा. लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवस मला ह्या आवाजात झोप नव्हती, आणि नंतर माहेरी गेले तर तिथल्या शांततेत झोप येईना. ती यंत्रातली बाई ज्याला सुख म्हणत होती, ते ऐकून चाळीस वर्षं हा माणूस अंगावर शहारे आणून उठलाय.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्या आधी हसल्या, मग त्यांनी आपली आवाजांची यादी चाळली.

"काकू, आमच्याकडं तीनशे आवाज भरलेले आहेत. पाणी, पाखरं, तंबोरा. पण माग नाही."

त्यांनी मला आमच्या कारखान्याचा आवाज भरून पाठवायला सांगितला आणि माझ्याच फोनवरून ह्यांची समजूत काढली. आधी, तालमीत न धरता, खुर्चीत बसवून नुसताच ऐकवून बघितला. काटा एकाहत्तरला पोचला, आणि दहा मिनिटांत खाली आला. हे म्हणाले, "हे कालचं हाय. आत्ता तिकडं काय चाललंय?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण चेहरा खुलला होता. "यांच्या मेंदूला आवाज नकोय, खात्री हवीय. आपले माग आत्ता चालू आहेत आणि कुणीतरी त्यांच्याकडं बघतंय, ही खात्री. चालेल, देऊ. कारखान्यात मायक्रोफोन लावू, आवाज थेट इथं येईल."

दुसरी तालीम दुपारी दोनला ठेवली, ह्यांच्या झोपेच्या वेळेला. कल्लाप्पा इचलकरंजीत मागावर, मी मिरजेत ह्यांच्याजवळ. गोड बाईला डॉक्टरांनी नवे शब्द दिले होते: "सगळे माग चालू आहेत... तुम्हाला उठायचं कारण नाही..." काटा साठ, पासष्ट, सहासष्ट. आणि सहासष्टलाच अडकला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. हे डोळे मिटूनच बोलले, "आज कल्लाप्पाचा दुपारचा हात न्हाई. कोण चालवतंय?"

"कल्लाप्पाच चालवतोय हो," डॉक्टर म्हणाल्या.

"न्हाई. ह्यो सकाळचा कल्लाप्पा हाय."

डॉक्टरांनी पडद्यावर मोजून बघितलं. आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की साधा माग थांबतो, ती बदलून परत सुरू करावा लागतो. आज कल्लाप्पाला त्याला बारातेरा सेकंद लागत होते. मी भरून पाठवलेल्या दुपारच्या आवाजात मात्र सात.

"काकू, त्या दिवशी मागावर कोण होतं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. अकरा वर्षं जपलेलं गुपित, आणि कुठं फुटावं? डॉक्टरच्या खोलीत, कपाळाला पट्टी बांधलेल्या माणसासमोर!

"मी," मी म्हटलं.

सांगितलं मग सगळं. कल्लाप्पाची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारी दोनला तिला भरवायला घरी दुसरं कुणी नाही. हे सुट्टी देतील की नाही, या भीतीनं तो अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडं रडत आला. तेव्हापासून हे झोपले की तो मागच्या दारानं घरी, आणि मी ह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवून मागावर. माग दहा मोजेपर्यंत थांबला तर ह्यांची झोप चाळवते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हणून मी सातात कांडी बदलायला शिकले.

ह्यांचा चेहरा काळवंडला. का, ते मला माहीत होतं. ह्यांच्या आईचा पदर मागाच्या पट्ट्यात गेला आणि पदराबरोबर उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हा हे नऊ वर्षांचे होते, समोर उभे होते. आमच्या कारखान्यात बाईमाणसानं मागाला हात लावायचा नाही, ही त्यांची आईच्या उशाशी घेतलेली शपथ.

परतीच्या गाडीत ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं. घरी आल्यावर मात्र फुटले.

"मी मरीन, पर तुला मागावर बघणार न्हाई!"

"बघू नका की! डोळे मिटूनच पडायचंय तुमास्नी!"

"थट्टा न्हाई ही. आईचा हात गेला, तवा तिनं मला आधी काय सांगितलं ठावं हाय? माग बंद कर म्हणाली. रगात वाहतंय, आन् ती म्हणतीया माग बंद कर. तुला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

एवढं हे लग्नानंतर पहिल्यांदा बोलले. माझा राग निम्मा तिथंच उतरला. पण मी माघार घेतली नाही, कारण घेतली असती तर दिवाळीला मी एकटीच उरले असते.

"अवो, तुम्ही गेलासा तर हे सहा माग कोण चालवणार? मीच न्हवं? मेल्यावर चालवायचे ते जिवंतपणीच चालवते. आणि अकरा वर्षांत त्या वांड चार नंबरच्या मागानं मला एक ओरखडासुद्धा काढलेला न्हाई. तुमचं मन न्हाई म्हणतंय, पर तुमचा मेंदू? तो रोज दुपारी माझ्या भरवशावर घोरतोय. त्या डॉक्टरीणबाईच्या काट्यावर आलंया ते."

ह्यांनी बाजल्याची सैल दोरी ओढून घट्ट बांधली. मग म्हणाले, "चार नंबरचा धोटा डावीकडं अडकतो. ध्यान ठेव."

तिसऱ्या तालमीला मी मागावर उभी राहिले. काटा ऐंशी.

ऑपरेशन दुपारी दोनला. उपाध्ये सकाळीच सुरी धरणारे, जरा कुरकुरले, पण ऐकलं. बायको म्हणून मी ऑपरेशनच्या दाराबाहेर बसायला हवं होतं, ह्यांचे कपडे आणि चष्मा मांडीवर घेऊन. ते सोडून मी पंचवीस किलोमीटरवर ह्यांचा जुना शर्ट चढवून उभी. पदर कमरेला घट्ट, केसांना रुमाल. कानात डॉक्टर शिकलगारांचा आवाज, खांबाला मायक्रोफोन. कल्लाप्पानं तालमीसारखंच त्या दिवशीही शेजारणीला आईजवळ बसवलं होतं आणि तो माझ्या जागेवर बसून कांड्या भरत होता. "वैनी, आज मी कांड्या आन् तुमी माग," म्हणून हसला, पण भरलेलीच कांडी परत भरायला लागला.

"काटा ब्याऐंशी," डॉक्टर कानात म्हणाल्या. "सुरुवात करतोय."

एक नंबर थांबला. कांडी बदलली, पाच सेकंदांत. सहा नंबर, सातात. तीन नंबर. मी एका मागावरून दुसऱ्यावर धावत होते, घाम डोळ्यांत जात होता आणि तिकडं माझ्या नवऱ्याचा गळा उघडा होता. एक तास झाला. दीड तास. गाठ हाडामागून वर ओढून घेतली, आता नसेपासून सोडवायची, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्याच क्षणी चार नंबर खाडकन वाजून थांबला.

धोटा अडकला होता. डावीकडंच! नुसता अडकला नाही, ताण्याचे, म्हणजे उभे, पन्नाससाठ धागे तोडून मध्येच रुतून बसला. ते सांधायला अर्धा तास कमीत कमी. मी मोजत होते. पाच. सात. कल्लाप्पा उठून उभा राहिला. दहा.

"काकू, काटा खाली येतोय. शहात्तर. काय झालं?"

बारा. पंधरा.

"बहात्तर. काकू, त्यांच्या पापण्या हलतायत. उपाध्ये सर थांबलेत."

हा माग आता सुरू होणार नव्हता, कुणाचा बाप आला तरी नाही. कानात यंत्रातली गोड बाई बोलताना ऐकू येत होती: सगळे माग चालू आहेत, सगळे माग चालू आहेत. खोटं! आणि ह्यांना ते खोटं कळत होतं. एकोणसत्तर, डॉक्टर म्हणाल्या.

मी मायक्रोफोन खांबावरून ओढला आणि आम्ही कारखान्यातले लोक मागांवरून ओरडतो तशी ओरडले.

"अवो! चारचा धोटा अडकलाय! साठ धागे गेलेत! मी हाय हितं, मी बघतीया! बाकीचे पाच चालू हायत. तुम्ही पडा गप!"

पलीकडून ह्यांचा आवाज आला. जड, सावकाश, पण अक्षर न् अक्षर स्वच्छ.

"डावीकडं न्हवं?"

"व्हय, डावीकडं!"

"सांगितलं हुतं तुला. बोट संभाळ. बघ मग सावकाश. मी पडतो."

"सत्त्याहत्तर," डॉक्टर किंचाळल्याच. "ऐंशी! काकू, चौऱ्याऐंशी!" आणि मागून उपाध्यांचा आवाज आला, "अहो, नस शाबूत आहे! यापेक्षा चांगली आवाजाची परीक्षा मी वीस वर्षांत घेतली नाही." तिकडं सगळे हसत होते. इकडं कल्लाप्पा रडत होता, आणि मी पाच मागांच्या मागं धावत होते, कारण दोन नंबरची कांडी संपली होती.

सव्वाचारला गाठ बाहेर आली, संत्र्याएवढी. हे तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आले. पाठ टेकून झोपले, आणि शिट्टी नाही! मी त्या रात्री नुसता त्यांचा श्वास ऐकत पडले.

डॉक्टर शिकलगारांनी यंत्राच्या कंपनीला काय काय लिहून पाठवलं, ते मला समजलं नाही. पण आता पट्टीच्या अर्जावर पहिलाच प्रश्न आहे: तुम्हाला कशाच्या भरवशावर झोप लागते? एक साखर कारखान्यातला बॉयलरवाला आला, त्याला बॉयलरची धडधड थेट जोडून दिली. एका भटारखान्याच्या मालकिणीला सुनेच्या पोळपाटाचा आवाज. एका निवृत्त हवालदाराला बायकोची कटकट, आणि त्याचा काटा म्हणे ब्याण्णवला गेला. ज्यांना पूर्वी 'जमत नाही' म्हणून परत पाठवायचे, त्यांतले बहुतेक आता निजतात. डॉक्टर प्रत्येक वेळी मला फोन करून सांगतात, आणि मीही दर वेळी सगळ्या गल्लीला सांगते. का सांगू नये? मीही उभी होते त्या ऑपरेशनला.

महिन्यानं हे पहिल्यांदा कारखान्यात आले. दुपारचे दोन वाजायला आले होते. कल्लाप्पा सवयीनं मागच्या दाराकडं सरकायला लागला.

"कल्लाप्पा," ह्यांनी हाक मारली.

तो जागीच थिजला.

"पुढच्या दारानं जा की. आन् आईला सावकाश भरव. घाई करू नगंस."

कल्लाप्पा पुढच्या दारानं गेला. मी खुंटीवरचा जुना शर्ट घ्यायला वळले, तर खुंटी रिकामी. चार नंबरच्या दांड्यावर ह्यांचा चांगला शर्ट ठेवलेला, पुतणीच्या लग्नात घेतलेला, निळा. दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापून, कडा दुमडून टाके घातलेले. टाके वाकडेतिकडे, ह्यांच्याच हातचे.

"त्या जुन्याची बाही लोंबायची," हे माझ्याकडं न बघता म्हणाले. "ह्यो घाल."

मी शर्ट चढवला. पदर खोचला. ह्यांनी बाजलं थोडं सरकवलं, मागांकडं तोंड केलं, म्हणजे उघड्या डोळ्यांनी मला बघता येईल असं. चार नंबर थांबला. मी कांडी बदलली, सातात. वळून बघितलं तर बघायला बसलेला माणूस डोळे मिटून घोरत होता.